वर्गातल्या हुशार मुलाचे काय करायचे?

(निर्मळ, ता. वसई, जि. पालघर येथे प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्गात मागे पडणाऱ्या मुलासाठी आज शाळेत पुष्कळ काही केले जाते. त्याच्यासाठी जादा तास असतात, उपचारात्मक अध्यापन असते, त्याच्या प्रगतीची नोंद ठेवावी लागते, अधिकारी आले की त्याच्याबद्दल विचारतात. हे सारे योग्यच आहे आणि ते अधिक मनापासून व्हायला हवे. परंतु त्याच वर्गात, बहुधा खिडकीजवळ, आणखी एक मूल बसलेले असते. फळ्यावर उदाहरण लिहून बाईंचा हात खाली येण्याआधी त्याचे उत्तर तयार असते. धडा एकदा वाचला की त्याच्या तो ध्यानात राहतो. या मुलाबद्दल कोणी विचारीत नाही. 'त्याचे काय, तो हुशारच आहे', असे म्हणून आपण पुढे जातो.

मी आज या दुसऱ्या मुलाची वकिली करण्यासाठी उभा आहे.

या मुलाला आपण रोज काय देतो ते पाहा. गणित आधी झाले तर आणखी दहा गणिते देतो, तीही त्याच प्रकारची. म्हणजे लवकर केल्याबद्दल शिक्षाच! नाहीतर त्याला इतरांच्या वह्या तपासायला बसवतो, खडू आणायला पाठवतो किंवा 'गप्प बस' म्हणतो. चार-पाच वर्षे असे गेल्यावर त्याला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे कष्ट न करताही पहिला नंबर येतो. आठवी-नववीत जेव्हा पहिल्यांदा खरोखर अवघड असे काही समोर येते, तेव्हा झटापट करण्याची सवयच त्याला नसते. 'मला येत नाही' हे वाक्य त्याने कधी उच्चारलेलेच नसते, म्हणून ते वाक्य त्याला मोडून टाकते. 'चौथीत किती हुशार होता हो, पुढे काय झाले कोण जाणे', असे आपण हळहळत म्हणतो. पुढे जे झाले त्याची सुरुवात चौथीतच झालेली असते.

काही मुले गप्प न बसता खोड्या करतात. एका शाळेत तिसरीतल्या एका मुलाचे नाव घेतले की शिक्षक कपाळाला हात लावीत. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर मी पाहिले तर त्याने आगगाडीचे वेळापत्रक स्वतः बनवलेले होते. दोन गाड्या कोणत्या स्थानकात एकमेकींना ओलांडतील याचा हिशेब मांडलेला होता. पुढच्या पानांवर काय चालले आहे हे त्याला केव्हाच कळलेले होते, आणि मागच्या पानांवर त्याचे काय चालले आहे ते कोणालाही ठाऊक नव्हते.

तीन सोपे उपाय

पालकांना आपले मूल हुशार आहे असे कळले की ते तीनपैकी एक उपाय करतात.

पहिला उपाय पुढचे पुस्तक देण्याचा. तिसरीतल्या मुलाला पाचवीचे पुस्तक आणून द्यायचे. काही थोड्या मुलांना याचा खरोखर लाभ होतो, हे मी नाकारीत नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत एवढेच घडते की, पाचवीत गेल्यावर ते मूल पुन्हा दोन वर्षे कंटाळते. कंटाळा पुढे ढकलला, इतकेच.

दुसरा उपाय शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शकांचा. आमच्या पिढीपासून चौथी-सातवीची म्हणून ओळखली गेलेली आणि २०१७ मध्ये पाचवी-आठवीला नेलेली ही परीक्षा चांगलीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या किती तरी मुलांना तिने आत्मविश्वास दिला. माझी तक्रार परीक्षेबद्दल नसून तिच्या तयारीबद्दल आहे. बुद्धिमत्ता चाचणीतील प्रश्नाचे मोल ते मुलासमोर पहिल्यांदा येण्यात असते. तोच प्रकार दोनशे वेळा घोटून घेतला की उरते ते पाठांतर. चार पर्यायांतून एक गोल काळा करणे हे बुद्धीचे एक काम आहे, पण ते फार लहान काम आहे.

तिसरा उपाय वेगाचा. जलद गणिताचे वर्ग, मणी सरकवण्याचे वर्ग, वैदिक गणिताचे वर्ग. इथे थोडे स्पष्ट बोलतो, कारण आपल्या घरांतून या विषयाबद्दल आत्मीयता आहे. पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सूत्रे वेदवाङ्मयात नेमकी कुठे आहेत, हा वाद विद्वानांवर सोपवू. पद्धती मोठ्या सुंदर आहेत. ९७ गुणिले ९६ घ्या. शंभराला ३ आणि ४ कमी. ९७ मधून ४ वजा केले की ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. मूल टाळ्या घेते, पाहुणे थक्क होतात. पण त्या मुलाला विचारा, 'असे का होते?' त्याने जर 'बाईंनी सांगितले म्हणून' असे उत्तर दिले, तर आपण बुद्धिमान मुलाची सर्कस केली आहे. त्याने जर चौकोनी कागदावर शंभर बाय शंभरची वाडी आखली, तिच्या एका बाजूने ३ ची आणि दुसऱ्या बाजूने ४ ची पट्टी कापून काढली आणि कोपऱ्यातला ३ गुणिले ४ चा तुकडा दोनदा कापला गेला म्हणून एकदा परत द्यावा लागतो हे स्वतः शोधले, तर मात्र त्या मुलाचे शिक्षण झाले. सूत्र तेच, फरक एका प्रश्नाचा आहे.

आपल्याच लोहमार्गावरचा माणूस

मग या मुलाला द्यायचे तरी काय? त्याच्याच इयत्तेचे गणित आणि त्याचीच भाषा, पण खोल. शिक्षणशास्त्रात याला समृद्धीकरण म्हणतात. शब्द जड आहे. गोष्ट किती साधी आहे हे दाखवण्यासाठी मी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे उदाहरण घेतो.

विरारहून डहाणूची गाडी आपण सगळ्यांनी पकडलेली आहे. त्या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता. घरात आकडेमोड चाले आणि मुलाला आकड्यांची गोडी तिथेच लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे पदवी घेऊन ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिले. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. परिषदांना पदरमोड करून जायचे. अनेक पंडितांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला हे नाव कळले. आपल्याकडे ते अजून किती शाळांत ठाऊक आहे, हे मी विचारणार नाही.

कापरेकरांचा 'पोरखेळ' आपल्या कामाचा आहे, कारण तो तिसरी-चौथीच्या मुलाला पूर्णपणे करता येतो. त्याला लागते फक्त बेरीज आणि वजाबाकी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. वसईच्या मुलाला साल कोणते द्यावे? चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला ते १७३९. अंक लावले, ९७३१ वजा १३७९, उत्तर ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणखी एकदा करा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! आता तिथून सुटका नाही. दुसरे साल घेऊ, पालघर जिल्हा झाला ते २०१४. ४२१० वजा ०१२४ म्हणजे ४०८६. मग ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत या मास्तरांनी हे सांगितले आणि आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

वर्गात वजाबाकीची शंभर उदाहरणे दिली तर हुशार मूल वैतागते. इथे ते स्वतःहून शंभर वजाबाक्या करते, कारण त्याला ६१७४ ला न जाणारी संख्या शोधून आपल्याला हरवायचे असते. हातच्याची चूक झाली की संख्या भलतीकडे जाते आणि चूक त्याची त्यालाच सापडते.

आणखी एक खेळ. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २४ चा जनक २१. आता मुलाला विचारा, जिला जनकच नाही अशी संख्या आहे का? २० ला नाही. कापरेकरांनी अशा संख्यांचा अभ्यास केला. त्यांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. मुलांपुढे आपण त्यांना स्वयंभू म्हणू, मुलांना ते आवडते. शंभरपर्यंत अशा तेरा आहेत. १, ३, ५, ७, ९ या पाच, आणि नंतर २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. चुणचुणीत मूल लगेच ओरडते, 'सर, दर वेळी अकरा वाढतात!' मग पुढची कोणती? तो म्हणतो, १०८. बरोबर, जपमाळेतले १०८ स्वयंभू निघतात म्हटल्यावर घरचे आजोबासुद्धा हिशेबाला बसतात. त्यापुढची? तो छातीठोकपणे म्हणतो, ११९. आता आपण काहीच बोलायचे नाही. त्याला तपासू द्यायचे. १०९ मध्ये १ आणि ९ मिळवले की ११९ होतात. जनक सापडला, नियम मोडला! ११९ च्या आधीच ११० ही स्वयंभू संख्या येऊन गेलेली आहे. जे नऊ वेळा खरे ठरले ते दहाव्या वेळी खरे ठरेलच असे नाही, हे नऊ वर्षांच्या मुलाला बेरजेतून कळले. मोठमोठ्या माणसांना हे आयुष्यभर कळत नाही.

भाषेतले गणित

भाषेच्या बाबतीत आपण हुशार मुलाला याहून अधिक उपाशी ठेवतो. छान वाचतो म्हणून त्याला वक्तृत्व स्पर्धेत उभे करतो, कोणी तरी लिहून दिलेले भाषण तो हातवारे करून म्हणतो. त्याचा आवाज तयार होतो, भाषेचा विचार होत नाही.

आपल्या गावाचे नाव घ्या, निर्मळ. मुलांना नियम सांगू नका, शब्द द्या. निर्मळ, निर्भय, निर्जन, निर्धन, निर्वात. मग निष्काम, निष्पाप, निष्फळ. मग निश्चल, निश्चिंत. मग निस्तेज. या सगळ्यांत 'शिवाय' असा अर्थ आहे, मग कुठे र्, कुठे ष्, कुठे श्, कुठे स् का होतो? मुलांसमोर क-ख-ग-घ-ङ चा तक्ता ठेवा आणि पुढचे अक्षर तक्त्यात कुठे बसते त्यावर बोट ठेवायला सांगा. थोड्या वेळात कोणी तरी म्हणेल, ओळीतली पहिली दोन अक्षरे आली की र् टिकत नाही. म्हणजे संधीचा नियम त्या मुलाने स्वतः शोधला. जो नियम आठवी-नववीत पाठ करून परीक्षेनंतर विसरायचा असतो, तो आता त्याच्या मालकीचा झाला. आपली वर्णमाला उच्चाराच्या स्थानांनुसार ओळी-स्तंभांत बसवलेली आहे, ती बाराखडीच्या पाटीवर रोज दिसते, पण तिच्यातली ही रचना मुलाला कोणी दाखवीत नाही. आणि तो नियम सापडला की पुढे 'नीरस' ठेवा. इथे र् कुठे गेला, आणि 'नी' दीर्घ का झाला? एका मुलीने उत्तर दिले होते, 'दोन र शेजारी बसेनात, एक उठून गेला आणि जाताना आपली जागा शेजाऱ्याला देऊन गेला.' याहून चांगले उत्तर मला तरी देता येणार नाही.

पलीकडे सोपारा आहे. प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळालेला आहे. मुलांना सहलीला नेले तर हे आपण सांगतोच. पण शूर्पारकाचे सोपारा कसे झाले, हे कोडे भाषेच्या तासाचे आहे. संस्कृत, प्राकृत आणि मराठी असे तीन रकाने करा. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. सर्प, सप्प, साप. आता चौथ्या रांगेनंतर फक्त पहिला रकाना भरा, शूर्प. मूल पुढचे स्वतः भरते, सुप्प, सूप. आजीच्या हातातले तांदूळ पाखडायचे सूप! मग शूर्पारकाचे पालीतले नाव सुप्पारक आणि आजचे सोपारा. इथे हुशार मूल अडते आणि अडायलाच हवे. 'सूप झाले तर सुपारा का नाही? ओ कुठून आला?' त्याला आणखी तीन शब्द द्या, पुस्तकावरून पोथी, मुक्तावरून मोती, तुंडावरून तोंड. जोडाक्षराआधीच्या उ चा ओ होण्याची प्राकृताची खोड त्याला दिसते. 'मग सुपाचे सोप का झाले नाही?' असे त्याने विचारले, तर शिक्षकाने शांतपणे म्हणावे, चल, आपण दोघे शोधू.

गणित आणि भाषा एकत्र कशी येतात याचेही एक उदाहरण देतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. त्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या या विदुषी २०२३ मध्ये निवर्तल्या. अडखळणाऱ्या मुलाला 'वीस एक' ने आधार मिळतो, हे त्यांचे म्हणणे मला पटते. पण तरतरीत मुलासाठी जुन्या नावांतल्या गाठी हीच मेजवानी आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे पुढच्या दहकाला एक ऊन. एकोणनव्वदपर्यंत हे चालते. मग नव्व्याण्णव का? एकोणशंभर का नाही? हिंदीत ८९ ला नवासी म्हणतात, तिथे ही वजाबाकी एक पायरी आधीच थांबते. संस्कृतात नवनवति आणि एकोनशत अशी दोन्ही रूपे आहेत. मुलाने गुजराती शेजाऱ्याला, भैयाला, घरच्या आजीला विचारून तक्ता करावा. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे जुने पाढे याच तक्त्यात येतील. दीडशे, अडीचशे आहे, पण साडेतीनशेच्या आधी 'साडेदोनशे' का नाही, हेही येईल.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली ती पद्यात. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा शिलिंध्रावर, त्या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुटजावर, एक भुंगा उरला तो हवेत घुटमळतो, तर एकूण किती? पंधरा. मुलांनी हे सोडवावे आणि मग असेच आपले उदाहरण रचावे, कदंबाऐवजी मोगरा, शिलिंध्राऐवजी जुई. उदाहरण सोडवायला जेवढी बुद्धी लागते त्याच्या दुप्पट ते रचायला लागते. आकडे नेमके भागले जावेत म्हणून गणित हवे आणि ऐकणाऱ्याला चित्र दिसावे म्हणून भाषा हवी.

निवड कोणाची?

आता अवघड प्रश्न. अशी मुले निवडायची कशी? आणि निवडणे हा इतरांवर अन्याय नाही का?

या कामात महाराष्ट्राला अनुभव आहे. १९६२ च्या विजयादशमीला पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती शाळा म्हणून नव्हे. निरनिराळ्या शाळांतली प्रज्ञावान मुले शाळेची वेळ सांभाळून तिथे येत. स्वतंत्र प्रशाला निघाली ती १९६९ मध्ये. त्या पहिल्या सात वर्षांकडे मी आपले लक्ष वेधतो, कारण ते रूप निर्मळला परवडणारे आहे. इमारत नको, मान्यता नको, मुलाला त्याच्या शाळेतून काढायला नको. आप्पा मानसशास्त्राचे अभ्यासक होते, तिथे चाचण्यांना स्थान होते. पण बुद्धी समाजाच्या कामी यावी, हा त्यांचा मुख्य आग्रह होता. हुशार मुलाला वेगळे काढून 'तू विशेष आहेस' एवढेच सांगितले तर आपण एक अहंकारी माणूस घडवू. म्हणून माझी सूचना आहे की, रविवारी त्याने जे शोधले ते सोमवारी वर्गात पाच मिनिटे सगळ्यांना दाखवावे. ६१७४ वर्गातल्या प्रत्येकाला करता येते.

चाचणीवर फार विसंबू नये याला एक प्रसिद्ध दाखला आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत प्रा. टर्मन यांनी बुद्ध्यंक मोजून सुमारे पंधराशे मुले निवडली आणि आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. त्या चाळणीतून जी गळाली त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले होती. पुढे एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी कोणालाही ते मिळाले नाही! जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये म्हणून तीन गोष्टी एकत्र पाहायला सांगितल्या, बऱ्यापैकी बुद्धी, नवे काही सुचणे आणि हाती घेतलेले काम न सोडण्याची चिकाटी. तिसरी गोष्ट कागदी चाचणीत दिसत नाही, ती बाईंना दिसते.

आणि आपल्या भागात आणखी एक अडसर आहे. इथे घराघरांत प्रमाण मराठी बोलली जात नाही. कोणाकडे सामवेदी, जिला कादोडी म्हणतात, कोणाकडे वाडवळी, किनाऱ्यावर कोळी बोली, पूर्वेच्या पाड्यांवर वारली. सामवेदी तर हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत नांदते. प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की पाड्यावरचे मूल गप्प राहते आणि आपण त्याला मंद म्हणतो. त्याला बोलीत विचारा. सहा वर्षांचे मूल घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलते, याचा अर्थ त्याच्या डोक्यात दोन व्याकरणे नांदतात. वर सांगितलेला तीन रकान्यांचा तक्ता अशा मुलाने चौथा रकाना जोडून आणला, तर तो तास त्याचा असतो. प्रज्ञा आडनाव पाहून जन्म घेत नाही, हे आपण व्यासपीठावर म्हणतो. यादी करताना ते आठवायला हवे. आमच्या याद्यांत डॉक्टर, शिक्षक आणि बँकेतल्यांचीच मुले येत असतील, तर दोष यादीत आहे.

शासनाकडून काही अपेक्षा करावी का? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अशा मुलांसाठी शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे असावीत असे म्हटले आहे, गणिताचे मंडळ, भाषेचे मंडळ. कागद चांगला आहे. पण आज तिसरीत असलेले मूल आपल्यासाठी थांबणार नाही.

रविवारचे दोन तास

म्हणून एक छोटी योजना. रविवारी सकाळी दोन तास, तिसरी ते पाचवीची बारा-पंधरा मुले, एक तास भाषेचा, एक गणिताचा. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही, फी नाही. प्रत्येकाची एक वही, जिच्यात उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त असतील. शिकवायला गणिताचा पदवीधर हवाच असे नाही. निवृत्त गुरुजी चालतील, महाविद्यालयातली ताई चालेल. 'मला माहीत नाही, शोधू या' हे ज्याला लाजता न लाजता म्हणता येते असा माणूस हवा.

साहित्य सभोवती आहे. तळ्याचा परिघ पावलांनी मोजायचा. प्रत्येकाचे पाऊल वेगळे, मग कोणाचे उत्तर खरे? राजेळी केळ्यांची सुकेळी करताना रोज वजन करायचे. पहिल्या दिवशी किती घटले, चौथ्या दिवशी किती, आणि रोज सारखे का घटत नाही? कार्तिकातल्या यात्रेत दुकानांच्या पाट्या उतरवून घ्यायच्या आणि शुद्धलेखन तपासण्याआधी कोणता शब्द कोणत्या भाषेतून आला ते पाहायचे. दादरच्या बाजारात फुले नेणाऱ्या काकांकडून एका दिवसाचा हिशेब मागून आणायचा. घरात जो हिशेब तोंडी होतो तो कागदावर मांडताना भल्याभल्या मुलांची दमछाक होते, आणि नेमकी तीच आपल्याला हवी आहे.

पालकांना एक विनंती. वर्गातून परतल्यावर मुलाला 'आज काय शिकवले' असे न विचारता 'आज कशात अडलास' असे विचारा. दोन-तीन महिने काही दिसणार नाही. एखादा पालक येऊन म्हणेलच की, यापेक्षा मार्गदर्शक सोडवला असता तर बरे झाले असते. त्यांना मुलाची वही दाखवू.

जाता जाता मोठ्यांसाठी एक उदाहरण. कापरेकरांची तीच रीत तीन अंकी संख्येला लावा. ७५२ मधून २५७ वजा केले की ४९५, आणि ४९५ तिथेच राहते. दुसऱ्या संख्या घ्या. वजाबाकीत मधला अंक दर वेळी ९ येतो. का? घरी जाऊन मुलाबरोबर सोडवा, मुलाच्या आधी उत्तर सांगू नका. मुलांची नावे सुचवण्यासाठी दाराजवळच्या मेजावर वही ठेवली आहे. नावापुढे टक्केवारी लिहू नये. त्या मुलाने विचारलेला एखादा प्रश्न आठवत असेल तर तो लिहावा.